सही सरांची, शब्द आपले

परदेशात एमएसला निघालेल्या कुठल्याही मित्राला विचारा, अर्जाच्या सगळ्या खटाटोपात विचित्र काय वाटलं? जीआरईचं नाव तो घेणार नाही, व्हिसाचंही नाही. तो एलओआरबद्दल बोलेल. लेटर ऑफ रेकमेंडेशन, म्हणजे शिफारसपत्र. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं अशी दोन-तीन पत्रं मागतात. ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला शिकवलं, त्यांनी तुमच्याबद्दल लिहायचं आणि तुम्हाला न दाखवता थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचं, अशी मूळ कल्पना. आपल्याकडे काय होतं? तुम्ही केबिनच्या दारात उभे राहता, सर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणतात, "ड्राफ्ट करून आण, मी सही करतो."

मी स्वतः परदेशी गेलो नाही, पण शेवटच्या वर्षी हॉस्टेलमध्ये आमच्या मजल्यावर हा कारखाना कसा चालतो ते रोज बघत होतो. सीनियरच्या ड्राइव्हमधून जुनी पत्रं यायची. त्यात नाव बदलायचं, 'ही'चं 'शी' करायचं. तिन्ही पत्रं एकाच माणसाने लिहिलीत असं वाटू नये म्हणून एक कॅलिब्रीत, दुसरं टाइम्स न्यू रोमनमध्ये. एचओडी जरा गंभीर बोलणार, प्रोजेक्ट गाइड आपुलकीने, तिसऱ्या पत्रातल्या मॅडम टीमवर्कवर भर देणार. खरं सांगायचं तर यातली काही पत्रं नाटकाच्या संवादांसारखी छान उतरायची. ज्या मुलाने चार वर्षांत मराठीतसुद्धा स्वतःचं कौतुक केलं नव्हतं, तो रात्री दोन वाजता इंग्रजीत लिहित बसायचा, की माझ्या पंधरा वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी मी क्वचितच पाहिला आहे.

याच अर्जात एक चौकट असते. अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला. त्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क दिला, आणि शिफारसपत्रापुरता तो हक्क आपण होऊन सोडून द्यायची सोयही ठेवली. हेतू असा, की विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की शिक्षक मोकळेपणाने लिहील. म्हणून अर्जात विचारतात, हे पत्र बघायचा हक्क तुम्ही सोडता का? आमच्या मजल्यावर सगळ्यांनी 'हो'वर टिक केलं. जे पत्र आपण स्वतः टाइप केलं, ते कधीही न बघण्याचं वचन.

आता, हे खोटं आहे का? लगेच 'हो' म्हणायला मी तयार नाही. मंत्र्याचं भाषण दुसराच कुणीतरी लिहितो. ऑफिसातली निम्मी पत्रं क्लार्क तयार करतो आणि साहेब सही करतात. मसुदा कुणाचा हा प्रश्न नसतोच. सही करणारा 'हे माझं म्हणणं' म्हणून त्यामागे उभा राहतो की नाही, एवढंच बघायचं. सरांनी ड्राफ्ट वाचला, दोन वाक्यं खोडली, एक स्वतःचं घातलं, उद्या विद्यापीठातून फोन आला तर या मुलाबद्दल त्यांना पाच मिनिटं बोलता येईल, असं असेल तर ते पत्र सरांचंच. टायपिंग कुणाचं याने फरक पडत नाही.

पण बहुतेक वेळा तसं नसतं. सर वाचत नाहीत. सबमिशनच्या दिवशी फाइलींवर जशी फटाफट सही होते, तशीच इथेही होते. आणि मग पत्रातली विशेषणं खरी असली तरी पत्र खोटं होतं. मुलगा मेहनती आहे, हुशार आहे, मान्य. पण शिफारसपत्राचा दावा तेवढाच नसतो. 'हे मी पाहिलं आहे' हा त्याचा खरा दावा. तो 'मी' काढून घेतला की उरतो तो दुसरा एसओपी, फक्त दुसऱ्याच्या आवाजात. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, गिटहबवर स्वतःचा पुल रिक्वेस्ट स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही. कोड चांगला असेलही, पण रिव्ह्यूचा अर्थच दुसऱ्या डोळ्यांनी बघणं हा आहे.

सरांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांचा दिवस बघा. एआयसीटीईच्या निकषाप्रमाणे इंजिनिअरिंगला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. कागदावर हे बरं दिसतं. प्रत्यक्षात साठ जणांचा वर्ग, दोन-तीन विषय, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, नॅक आणि एनबीएच्या फायली. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, सीट नंबर असतो. शंका विचारायला केबिनमध्ये जाणं म्हणजे 'इम्प्रेशन मारणं', असं वर्गातलेच बाकीचे म्हणतात. जिथे शिक्षकाने विद्यार्थ्याला ओळखण्याची गरजच व्यवस्थेने ठेवलेली नाही, तिथे अचानक चौथ्या वर्षी कुणीतरी सात समुद्रापलीकडून विचारतं, सांगा, हा मुलगा कसा आहे? सर प्रामाणिक असते तर काय लिहिलं असतं? 'हजेरी ७८ टक्के. चेहरा आठवतो.'

'ओळख' हा शब्दच आपण कसा वापरतो बघा. 'तिथे कुणाची ओळख आहे का?' म्हणजे वशिला आहे का. ओळखणं मात्र वेगळंच. गॅझेटेड ऑफिसरकडून चारित्र्याचा दाखला आणलेल्यांना हा घोळ पाठ असेल: 'मी यांना गेली तीन वर्षं ओळखतो' या छापील वाक्याखाली अशा साहेबांची सही, जे तुम्हाला तीन मिनिटांपूर्वी भेटले. कागदपत्रांच्या झेरॉक्सवर स्वतःचीच सही चालेल असं धोरण सरकारने २०१४ साली पुढे रेटलं, तेव्हा मला ते फार प्रामाणिक वाटलं होतं. साक्षीदार नाही, तर आहे असं कशाला दाखवायचं?

ओळख वशिल्याच्या पलीकडे कशी असते याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला असायचा. तिथे येणाऱ्या एका शिक्षकाचं त्याच्याकडे लक्ष गेलं, त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर, आणि मुलगा भीमराव आंबेडकर. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव काही त्यांच्या शाळेतला नव्हता. केळुसकरांनी त्याला पाहिलं होतं, एवढंच.

दुसरं उदाहरण 'अ ब्युटिफुल माइंड'वाल्या जॉन नॅशचं. १९४८ साली त्याचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठवलेलं शिफारसपत्र मोजक्या ओळींचं आहे. नाव, वय, पदवी कधी मिळणार ते, आणि शेवटी, हा गणितातला जीनियस आहे. टीमवर्क नाही, कम्युनिकेशन स्किल्स नाहीत. ते वाक्य वजनदार आहे, कारण ते डफिननी लिहिलं. नॅशने स्वतः लिहून आणलं असतं तर ती निव्वळ बढाई झाली असती.

काण्टचं याच जातीचं एक उदाहरण आहे: परत करायचे नाहीत हे ठाऊक असताना 'परत करतो' म्हणून पैसे उसने घेणारा माणूस. सगळेच असं करू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि खोटं वचन देण्याचा फायदाही संपेल. एलओआरचं हेच होतं. सगळेच वर्गातले पहिले पाच टक्के असतील, तर ज्या एखाद्या मॅडमनी तीन संध्याकाळ घालवून खरोखर पत्र लिहिलं, त्यांचं पत्रही त्याच ढिगात जातं. पण काण्टला उलट विचारावंसं वाटतं: ज्या कॉलेजात सर लिहिणारच नाहीत, तिथल्या मुलीने काय करायचं? नियम पाळून घरी बसायचं? नियम मोडण्याचा दोष तिच्या वाट्याला, आणि साठांच्या वर्गाची सोय ज्यांनी केली ते नामानिराळे, हे मला पटत नाही. तिने ड्राफ्ट करून दिला तर मी तिला लबाड म्हणणार नाही. जो सही करतो त्याला मात्र मी प्रश्न विचारीन, कारण साक्षीदार तो आहे.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यावरच आला. आमच्या टीममध्ये सहा महिने इंटर्न असलेली एक मुलगी जर्मनीला अर्ज करत होती. ती मला अजूनही 'सर' म्हणते. "सर, तुम्ही बिझी असाल, मी ड्राफ्ट पाठवते." मी म्हटलं, ड्राफ्ट नको, तू काय काय काम केलंस त्याची नुसती यादी दे. तरी लिहायला बसलो तर पानभर मजकूर होईना. तिची लीडरशिप मी पाहिली नव्हती, प्रेझेंटेशन एकच. पण एक गोष्ट लख्ख आठवत होती. काही ग्राहकांच्या रिपोर्टमध्ये तारीख एक दिवस मागे दिसत होती. तिने दोन दिवस जुने लॉग वाचून टाइमझोनचा घोळ शोधला, आणि आपण आधी दिलेला उपाय चुकीचा होता हे कुणी विचारायच्या आत तिकिटावर लिहून टाकलं. तेवढंच लिहिलं, सविस्तर. पत्र अर्ध्या पानाचं झालं.

एका विद्यापीठाने सोबत तक्ता दिला होता: पहिल्या दोन टक्क्यांत, पाच, दहा, आणि शेवटचा रकाना 'मत देण्याइतकी माहिती नाही'. नऊपैकी चार गुणांपुढे मी शेवटच्या रकान्यात टिक केलं, आणि ते तिला आधीच सांगितलं. ती जरा गप्प झाली. "बाकीच्यांचे सगळे रकाने टॉपला असतील, सर." असणारच होते. मी तिला म्हटलं, तुला हवं असेल तर दुसऱ्या कुणाकडून पत्र घे, मला वाईट वाटणार नाही, पण उद्यापर्यंत ठरव. रात्री उशिरा तिचा मेसेज आला, लिंकची मुदत शुक्रवारी संपते, तुमचंच पाठवा.