त्रेचाळीस अंशांची बातमी होत नाही

मुंबईत पारा ३८ वर गेला की टीव्हीवर ‘उष्णतेची लाट’ अशी लाल पट्टी फिरू लागते. त्याच दिवशी जळगावात ४३ असतात आणि आमचं नाव कोष्टकात कुठंतरी खाली. दर एप्रिलला हे बघून चिडचिड होते. यंदा ती बोलून दाखवली, तर शेजारचे नाना (निवृत्त मुख्याध्यापक, मूळ धुळ्याचे) म्हणाले, “ऊन पूर्वीही एवढंच होतं. माणसं नाजूक झाली.” एका फटक्यात मुंबईकरही गेले आणि मीही.

खान्देशच्या उन्हाचं वर्णन करत बसत नाही. मे महिन्यात दुपारी भुसावळच्या फलाटावर जो उतरला आहे, त्याला ते सांगायला नको.

हवामान खात्याचा हिशेब मात्र सांगायला हवा. मैदानी भागात पारा किमान ४० वर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वर गेला, की लाट. किनाऱ्यावर ३७ पुरतात. सरासरी बाजूला ठेवून नुसत्या आकड्यावर लाट ठरवायची, तर ४५ गाठावे लागतात. आमची मे महिन्याची सरासरीच बेचाळीसच्या आसपास, म्हणजे ४४ अंशांतही कागदोपत्री सगळं ठीक. अंगावर पडणारा भार मोजायचा सोडून खातं फरक मोजत बसतं, हा खान्देशवर अन्याय आहे, असं ठणकावून लिहायचं म्हणूनच मी बसलो होतो.

पण खारघर आठवलं. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, भर दुपार. जवळच्या केंद्रावर नोंद ३८ च्या आसपास. सरकारी आकड्यानुसार १४ माणसं गेली. ३८ म्हणजे आमच्याकडे मार्चची अखेर! आणि दुसरं टोक आमच्याच दारात आहे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. हिमाचलातला माणूस या आकड्याला हसेल, कारण त्याचं घर आणि अंथरूण थंडीच्या तयारीनं केलेलं असतं. आमच्याकडे सगळी तयारी उन्हाची. रावेर-यावलच्या केळीचं पाहा. उन्हाळ्यात पाणी हाताशी असलं, कडेनं शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण असलं, की बाग बरीच तग धरते. तीच बाग थंडीत दहा अंशांच्या खाली आखडते, वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. मग शेतकरी रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडतो, बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करतो. तयारीच्या बाहेर जे जातं, ते खरं टोकाचं हवामान. तेव्हा फरक मोजणारं खातं माझ्यापेक्षा शहाणं ठरलं, हे कबूल करणं आलं.

ही तयारी म्हणजे नुसतं डोक्याला उपरणं आणि खिशात कांदा नव्हे. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, घ्या. ऐन उन्हाच्या तोंडावर खान्देशचा एवढा मोठा सण का? लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पुरुष पत्ते कुटतात. सालदाराचं साल तेव्हाच संपतं आणि नवं ठरतं. कोरडवाहू रान रिकामं असतं, म्हणून हे जमतं. वर्षाची आखणीच अशी होती की सर्वांत वाईट ऊन बिनकामाच्या दिवसांत पडावं. (पत्त्यांत घर बुडवणारेही होते, पण तो विषय निराळा.) ठिबकवरच्या केळीला ही आखणी मंजूर नाही. घड मे महिन्यातही कापावे लागतात, ट्रक भरावे लागतात.

नानांचं पहिलं वाक्य वादापुरतं मान्य करतो, हवामानशास्त्रज्ञ करणार नाहीत. दुसरं मात्र साफ चूक. नाजूक झालं ते घर. नानांचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं: हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद, त्यावर खारी माती. आता ते स्लॅबखाली राहतात. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. नानांच्या खोलीत कूलर आहे, म्हणून त्यांना ती इतरांच्या नाजूकपणाची गोष्ट वाटते. वीज गेली की त्यांचंही मत बदलतं, हे मी ऐकलेलं आहे. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, घड वाहणाऱ्या माणसाची तर रात्रही गेली आणि अखाजीची दुपारही. पारा एक अंशही चढला नसता, तरी त्याचा उन्हाळा टोकाचाच झाला असता.

म्हणून खात्याशी माझं भांडण उरतंच, फक्त जागा बदलली. फरक जरूर मोजा, पण तीस वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक पुरत नाही. छप्पर कसलं आहे, काम किती वाजता थांबवता येतं, यापासूनचाही मोजा. हे अशक्य नाही. केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरावीक तापमान सलग ठरावीक दिवस नोंदलं गेलं, की भरपाई लागू होते. गुजरातेत ‘सेवा’ संघटनेनं २०२३ पासून कष्टकरी स्त्रियांसाठी उन्हाचा विमाही सुरू केला. जळगावात तो आणायचा, तर पहिला वाद आकड्यावरच होईल. सरासरीवरून आकडा ठरवला, तर तो इथं इतका वर जाईल की मुंबईच्या मजुराला पैसे मिळतील आणि यावलच्या मजुराला नाहीत. आणि केंद्रातला पारा सावलीत, मोकळ्या हवेत टांगलेला असतो. पत्र्याखाली रात्री अकरा वाजता किती अंश असतात, याची नोंद त्याच्याकडे नसते.