शिंगरू कुठे गेले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी सात वर्षांची नात तळोद्यास आली, ती एक चित्रांचे पुस्तक बगलेत घेऊनच. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम यांनी सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा त्यात चितारल्या आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने ते काढले आहे. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मजकूर बाजूस ठेवून आम्ही दोघांनी नुसती चित्रेच पाहिली. पाहता पाहता गोंडांत सांगितली जाणारी एक जुनी कथा मी तिला सांगितली.

आरंभी सगळीकडे पाणीच पाणी. कमळाच्या पानावर देव एकटा बसलेला. त्याने अंगाचा मळ चोळून एक कावळा केला आणि त्याला माती शोधायला धाडले. कावळ्याला भेटला खेकडा. सारी माती गांडुळाने गिळून ठेवली होती. खेकड्याच्या मदतीने ते सापडले आणि त्याला ती ओकावी लागली. मग कोळ्याने पाण्यावर जाळे विणले, त्यावर माती पसरली, आणि पृथ्वी झाली.

"आबा, म्हणजे देवाला एकट्याला जमलंच नाही?" तिने विचारले.

"नाही जमलं," मी म्हणालो. ती पान उलटून पुढे गेली. मी मात्र त्या प्रश्नापाशीच राहिलो.

कवी हा आपल्या जगाचा प्रजापती, असे आपल्याकडचे जुने साहित्यशास्त्र म्हणते. त्याला रुचेल तसे विश्व तो घडवतो. हे ऐकायला गोड आहे. पण ज्याला जग घडवता येते, त्याला कोणी काही विचारायचे की नाही? काहीजण म्हणतात, कल्पनेला लगाम नको. काहीजण म्हणतात, तिने वस्तुस्थितीशी इमान राखावे. घोडा काढला तर तो घोड्यासारखा दिसावा. मी अनेक वर्षे या दुसऱ्या पक्षाचा होतो, आणि त्यापायी माझ्या हातून एक अपराध घडला आहे.

नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधीची, आमचा मुलूख धुळे जिल्ह्यात होता तेव्हाची ही गोष्ट. धडगावकडच्या एका शाळेत मी शिक्षक होतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. ती यात्रा पाहून आलेल्या एका पावरा मुलाने पाटीवर घोडी काढली होती, आणि तिच्या पोटात, जणू पोट काचेचे असावे तसे, एक लहानसे शिंगरू. मी ते ओल्या फडक्याने पुसले. त्याच्या हाती हात धरून चांगली प्रमाणशीर घोडी काढून दिली. पाय चार, मान डौलदार, पोट रिकामे. त्याने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मोडक्या मराठीत विचारले, "गुरजी, शिंगरू कुठे गेलं?"

मी हसलो. "पोटातलं कधी दिसतं का रे?" असे म्हणालो. वर्गही हसला. त्या वर्षी त्याने पुन्हा चित्र काढलेले मला आठवत नाही.

पुढे नर्मदेच्या उत्तरेकडील राठवा लोकांच्या पिठोऱ्याविषयी कळले, तेव्हा त्या प्रसंगाचा मला अर्थ लागला. छोटा उदेपूर आणि अलीराजपूरच्या बाजूस नवस फेडायचा झाला की घराच्या भिंतीवर पिठोरा देव लिहवतात. हो, लिहवतात, 'काढतात' असे कोणी म्हणत नाही. कुमारिका शेणाने आणि पांढऱ्या मातीने भिंत सारवतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. लिहिणारा तो लखारा. त्या भिंतीवर देवांचे घोडे असतात, नांगर धरलेला शेतकरी असतो, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस आणि विंचूही असतो. बारा डोक्यांचा धनी आणि एका पायाचा माणूसही असतो. पिठोरा लिहिणाऱ्या परेशभाई राठवांना 2023 साली पद्मश्री मिळाली, म्हणजे ही विद्या आजही जिवंत आहे.

मला विलक्षण वाटते ते पुढचे. लिहून झाले की बडवा येतो. तो अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो. घोडा घोड्यासारखा दिसतो का, हे तो पाहत नाही. तो पाहतो की कोणी राहिले तर नाही ना? राहिले असेल तर लखाऱ्याला ते लिहावे लागते. मगच चित्र पुरे होते.

लखाऱ्याची कल्पना मोकळी आहे. बारा डोकी काढली म्हणून त्याला कोणी दटावत नाही. पण त्याने जग लिहायला घेतले आहे, तेव्हा त्या जगातून कोणाला वगळण्याचा अधिकार त्याला नाही. मी त्या मुलाच्या पाटीवरून नेमके हेच केले होते. घोडी सुधारली आणि शिंगरू वगळले.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनाच चित्रात घ्यायचे तर चित्र कसले, ती गर्दी होईल. हा आक्षेप खोटा नाही. पिठोऱ्यालाही चौकट असते. पण त्या चौकटीला खालच्या बाजूस एक दार ठेवलेले असते. चौकट असणे हा दोष नव्हे. दार न ठेवणे हा दोष.

ही केवळ भिंतीची आणि पाटीची गोष्ट राहत नाही, हे आम्हा नंदुरबारकरांना चांगले ठाऊक आहे. धरण हेही आधी कोणाच्या तरी कल्पनेत असते, मग कागदावर उतरते. सरदार सरोवराची कोनशिला 5 एप्रिल 1961 रोजी बसली आणि 17 सप्टेंबर 2017 रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. तहानलेल्या मुलखाला पाणी द्यावे, ही कल्पना थोरच होती, आणि पाणी पोचलेही. परंतु त्या निळ्या रेघेखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे होती. मणिबेलीच्या माणसांनी वर्षानुवर्षे जो प्रश्न विचारला, तो माझ्या विद्यार्थ्याच्याच प्रश्नाच्या जातीचा होता. चित्र सुंदर आहे, पण आम्ही कुठे गेलो? बडव्याला आधीच बोलावले असते तर चित्र कदाचित थोडे निराळे झाले असते.

मुलांना कल्पक करा, असे हल्ली सगळेच सांगतात. मला वाटते, कल्पना मुलांजवळ असतेच. मोठ्यांनी फक्त पुसायचे फडके जपून वापरावे. आणि काही शिकवायचेच असेल, तर बडव्याचा तो एक प्रश्न शिकवावा. जो मूल असताना चित्रापुढे उभा राहून "कोण राहिलं?" असे विचारायला शिकला, तो पुढे घर बांधताना, कायदा करताना, पंगत वाढतानाही ते विचारील, अशी मला आशा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नातीने अंगणात रांगोळी घातली. कमळ काढले, त्यावर देव बसवला, भोवती पणत्या मांडल्या. देवाचे नाक जरा वाकडे झाले होते. माझे बोट सवयीने पुढे झाले, ते मी मागे घेतले आणि विचारले, "कोणी राहिलं का ग?"

तिने कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिले. मग चिमूटभर गेरू घेऊन खाली बसली आणि पाकळीच्या टोकाशी एक वेडेवाकडे गांडूळ काढले.