एकच बांगडी

दत्तभक्तहो, अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारिका आहे. भागवताच्या 11 व्या स्कंधात तिची कथा येते. आईवडील घरी नसताना तिला मागणी घालायला पाहुणे आले. ती आत साळ कांडायला बसली, तशा बांगड्या वाजू लागल्या. घरचं उणं बाहेर कळेल, या लाजेने तिने एकेक काढली. दोन उरल्या, त्याही वाजल्या. शेवटी हातात एकच ठेवली.

शहापूर-मुरबाडकरांना साळ कांडणं सांगायला नको. पण आज नातीचं कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात, तरी पौषात म्हशाच्या जत्रेत नवा ड्रेस हवाच! मग आपण ओरडतो, "हे घालू नकोस, ते टाकून दे."

बघा, त्या मुलीच्या बांगड्या कुणी ओढून काढल्या नव्हत्या. आणि तिने हात ओकाही ठेवला नाही. नातीला शेजारी बसवा. साधे, अंगभर, रोज लागणारे तिलाच निवडू द्या; हौसेचा एखादा राहू द्या. उरलेले धुऊन गरजू घरी मानाने द्या.

पण त्याआधी आपली ट्रंक उघडा. आहेराची घडी न मोडलेली लुगडी, साड्या! वाजणाऱ्या बांगड्या तिथेही आहेत.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥