पाचपट दंड आणि चपलांचं कपाट

६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास गोरेगाव पश्चिमेला जय भवानी या सात मजली इमारतीला आग लागली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली ही इमारत. तळमजल्यावर गाड्या उभ्या करायच्या जागेत जुन्या कापडांची गाठोडी रचलेली होती. ती पेटली, शेजारच्या गाड्याही पेटल्या. ज्वाळा बऱ्याचशा खालीच राहिल्या. वर चढला तो धूर. सात जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक लोक जखमी झाले.

आगीचे नियम सोडले, तर सोसायटीतल्या इतर नियमभंगांचं तसं सोपं असतं. कोणी रात्री अकराला ड्रिल मशीन लावली, तर आवाज शेजाऱ्याला ऐकू येतो आणि तो दार ठोठावतो. आगीच्या नियमांचं गणित मात्र उलटं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने जिन्याच्या चौकात चपलांचं कपाट ठेवलं, वर रद्दीचा गठ्ठा आणि बाजूला मुलाची जुनी सायकल ठेवली, तर घरातली जागा त्यांची वाचते. त्याची किंमत मोजावी लागलीच, तर ती आठव्या मजल्यावरच्या माणसाला. त्या माणसाने ते कपाट धड पाहिलेलंही नसतं, कारण तो रोज लिफ्टने ये-जा करतो. ज्याला त्रास होणार त्याला तो दिसत नाही आणि ज्याला दिसतो त्याला तो होत नाही. तक्रार करणार तरी कोण?

नियम नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार जिना, व्हरांडा, चौक यांवर अतिक्रमण करणाऱ्या सभासदाकडून मासिक देखभाल खर्चाच्या पाचपट रक्कम वसूल करता येते, तीही अतिक्रमण राहील तोवर दरमहा. ही तरतूद कागदावर चांगली जरब बसवणारी आहे. पण ती वापरायची कोणी? सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. चपलांचं कपाट ज्यांचं, त्यांच्याच घरी गणपतीला ते आरतीला जातात. पाचपट आकारणीचं पत्र ज्याच्या हातात द्यायचं, तोच उद्या लिफ्टमध्ये भेटणार. मग नोटीस फलकावर ‘सर्व सभासदांना विनंती’ लागते. सर्वांना केलेली विनंती कोणालाच केलेली नसते, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. मराठी माणसाची भीड इथे पुरेपूर कामाला येते. तिला शेजारधर्म म्हणायचं, एवढंच.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते फाइलला लागतं, पण यंत्रणा चालू असणं ही निराळी गोष्ट. अग्निशमन पंपाच्या खोलीत जाऊन पाहिलं की हे कळतं. पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वर असायला हवा, म्हणजे नळातला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो. पण कुठेतरी जोड गळत असतो. पंप रात्रीबेरात्री घुरघुरतो, तळमजल्यावरच्यांची झोप मोडते, वीजबिल वाढतं. गळती शोधायची तर प्लंबर लावा, भिंत फोडा. त्यापेक्षा खटका ‘मॅन्युअल’वर फिरवणं सोपं. त्या दिवसापासून प्रत्येक मजल्यावरची लाल पेटी शोभेची.

हा नियमभंग सभासदाचा नाही, कमिटीचा आहे. गच्चीचं कुलूपही कमिटीचंच. त्यामागे कारणं असतात आणि ती खोटी नसतात: पोरं वर जाऊन दारू पितात, टाकीची झाकणं उघडी राहतात, कोणी पडलं तर पोलीस अध्यक्षांना बोलावणार. म्हणून किल्ली एकाच घरात. ते कुटुंब मे महिन्यात गावी गेलं, की धुरातून वर पळालेल्या माणसाला बंद दार मिळणार. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याला वाट करून देतो आणि दोन्हींचा एकत्र विचार सर्वसाधारण सभेत होत नाही. तिथे वेळ जातो तो रंग कोणता आणि पार्किंग कोणाला यात. इमारत जुनी असेल, तर एक हुकमी वाक्य ठरलेलं असतं: ‘आता रीडेव्हलपमेंटला जायचंच आहे, कशाला खर्च?’ बिल्डर ठरेपर्यंत पाच-सात वर्षं सहज जातात. तेवढी वर्षं लोक त्याच वायरिंगवर एसी चालवतात.

श्रीमंतीने हा प्रश्न सुटतो असाही एक समज आहे. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं, तरी लोक राहत होते. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओलं कापड नाकातोंडाशी धरायला सांगितलं; शाळेत शिकलेलं तिला आठवलं होतं. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या साठ मजली वन अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्याला आग लागली. इमारतीची अग्निशमन यंत्रणा बंद होती, असा ठपका अग्निशमन दलाने ठेवला. मुंबईच्या दलाकडे नव्वद मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे, पण त्या गाडीला पाय पसरून उभं राहायला मोकळी, भक्कम जमीन लागते. टॉवरच्या पायथ्याशी ती जागा पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेली असेल, तर नव्वद मीटरचं करायचं काय?

अविघ्न पार्कच्या आगीत ज्याचा जीव गेला तो रहिवासी नव्हता. तो सुरक्षारक्षक होता. आग पाहायला वर गेला, अडकला आणि सज्जाच्या कठड्याला लटकत असताना हात सुटून पडला. दुपारच्या वेळी कुठल्याही टॉवरमध्ये कोण असतं? म्हातारी माणसं, स्वयंपाकाच्या बाया, बाळं सांभाळणाऱ्या मुली, वॉचमन. यातल्या बहुतेकांना सर्वसाधारण सभेत मत नाही, रिफ्यूजचा, म्हणजे आगीत आसरा घ्यायचा, मजला कोणता हेही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. वॉचमन तर दर करारागणिक बदलतो. जुनी एजन्सी जाते, नवी येते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी फाटकाची किल्ली मिळते, पाहुण्यांची वही मिळते, कुरिअरवाल्याला मेन लिफ्टने सोडायचं नाही अशी ताकीद मिळते. पंपाची खोली त्याला दाखवायचं काम कोणाचं, हे मात्र करारात लिहिलेलं नसतं.