तुम्ही काय शोधत आहात?



आजच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्त्याचे दोन शिष्य येशूच्या मागोमाग चालू लागतात. येशू वळून पाहतो आणि ते काय शोधत आहेत, असे त्यांना विचारतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी आलेले हे पहिलेच शब्द आहेत. उपदेश नाही, आज्ञा नाही, साधा प्रश्न. दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला आठवण करून देतो की त्यांचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि ते मोल देऊन विकत घेतलेले आहे.

ही दोन वाचने एकत्र आली की मला आणखी एक प्रश्न आठवतो. मिस्सा संपते, माणसे पांगतात आणि कोणीतरी भगिनी मागे थांबून हळू आवाजात विचारते, "फादर, पोट कमी करायची सर्जरी केली तर पाप लागते का?" कधी कधी लग्न ठरलेला तरुणही विचारतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. केवळ शस्त्रक्रिया केली म्हणून पाप लागत नाही. संत पौलाचे शब्द घेऊन कोणी तुम्हाला घाबरवत असेल तर हेही ध्यानात ठेवा की करिंथकरांना तो व्यभिचाराविषयी लिहीत होता, सुरकुत्यांविषयी नव्हे. शरीर दुरुस्त करणे हे काही परदेशातून आलेले खूळही नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला आपल्या पुण्यातल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले होते. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातील डॉक्टर ही विद्या शिकू लागले.

चर्चनेही या विषयाचा विचार पूर्वीच केला आहे. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी पोप बारावे पायस इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर बोलले. त्यानंतर पाचच दिवसांनी ते देवाघरी गेले. शारीरिक सौंदर्य ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्याहून पुष्कळ श्रेष्ठ अशा गोष्टी आहेत, असे सांगून त्यांनी कसोट्या घालून दिल्या. हेतू सरळ हवा. प्रकृतीला गंभीर धोका नको. आणि एवढा मोठा उपाय करण्याजोगे वाजवी कारण हवे. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी किंवा निव्वळ दिखाऊपणा आणि फॅशनची लहर म्हणून केलेली शस्त्रक्रिया त्यांनी अयोग्य ठरवली. मात्र काही कारणे अशीही असतात की ती करून घेणेच बरे, हेही त्यांनी सांगितले. हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

आता धोक्याविषयी. निर्णय घेण्याआधी काय करतात ते तरी ठाऊक हवे. लायपोसक्शनमध्ये कातडीखालची चरबी नळीने ओढून काढतात. टमी टकमध्ये ओटीपोटावर या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत छेद घेऊन लोंबणारी कातडी कापतात, बाळंतपणात बाजूला सरकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. व्रण कपड्याखाली झाकतो, पण जन्मभर राहतो. त्यानंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही आणि कडेवर लेकरूही नाही.

हे वजन घटवण्याचे उपाय नव्हेत, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. आपल्याकडे पोट सुटते ते अनेकदा आत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीमुळे. तेथे ती नळी पोचतच नाही. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा स्थूल स्त्रियांची सरासरी नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली आणि सुमारे तीन महिन्यांनी त्यांना तपासले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, कशातही सुधारणा नव्हती. तेव्हा 'डायबेटिससाठी करते' असे म्हणून मनाची समजूत घालू नका.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखमेत पाणी साठणे हे होऊ शकते. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते आणि माणूस दगावतो. मे २०२२ मध्ये बंगळुरू येथे २१ वर्षांची एक कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. म्हणून जाहिरात पाहून जाऊ नका. सर्जन प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का, भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, हे तोंड उघडून विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावत असेल तर तो डॉक्टर नको. तंबाखू आणि मशेरी निदान चार आठवडे आधी बंद हवी, नाहीतर जखम भरत नाही. वजन काही महिने स्थिर असावे. आणखी मूल हवे असेल तर थांबावे, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.

आता हेतूकडे येऊ, कारण प्रभूचा प्रश्न त्याविषयीच आहे. कोणी तीस-चाळीस किलो वजन घटवले आहे आणि कातडीच्या घड्यांत उन्हाळाभर पुरळ उठते. कोणाचे स्नायू जुळ्यांनंतर फाकलेले आहेत, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम वर्षभर करूनही फरक नाही. यांनी शस्त्रक्रिया केली तर त्यांना देवापुढे संकोचण्याचे कारण नाही. परंतु तीन महिन्यांवर लग्न आहे आणि फोटोत कंबर दिसायला हवी, किंवा नवरा चार माणसांत हसतो म्हणून एखादी टेबलावर झोपायला तयार होते, तेव्हा दुखणे तिच्या पोटात नसते. काही जणांना तर आरशात असा दोष दिसतो जो इतरांना दिसतही नाही. तोही आजारच आहे, आणि त्याला सुरी लागू पडत नाही. अशांनी आधी समुपदेशकाकडे जावे.

खर्चाचाही हिशेब करा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे मेडिक्लेम देत नाही. पतपेढीचे कर्ज काढून किंवा सासूच्या पाटल्या गहाण टाकून कंबर बारीक करायची असेल, तर ते कर्ज फेडताना घरात कोणाचे काय तुटणार आहे, ते कागदावर लिहून पाहा. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ आरोग्याची काळजी घ्यायला सांगतो, आणि शरीराच्या पूजेसाठी सर्वस्व वाहण्याला मात्र विरोध करतो.

पुरुषांशी जरा रोखठोक बोलतो. तुमची दोन मुले ज्या पोटाने नऊ-नऊ महिने वाहिली, त्याच पोटाला तुम्ही नावे ठेवता. पुनरुत्थित प्रभूने आपले व्रण लपवले नाहीत. थोमाला बोलावून दाखवले. बायकोच्या अंगावरच्या बाळंतपणाच्या खुणांकडे कसे पाहायचे, ते त्यातून शिकता येईल. लग्नाच्या हॉलमध्ये 'किती जाड झालीस गं' असे म्हणत पुढे येणाऱ्या मावशी-काकूंनाही माझी हीच विनंती.

आणि ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांच्याविषयी चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज नको. ती बहीण सहा आठवडे कळशी उचलू शकणार नाही. शेजारणींनी तिचे पाणी भरून द्यावे आणि सकाळी तिच्या मुलांना शाळेत पोचवावे.