साकुराची राखण

जपानात चेरीच्या बहरामागे गाडीने निघालं की वसंत ऋतू आपोआप लांबतो. सकाळी नदीकाठच्या गावात रस्त्यावर पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. दुपारी घाट चढावा तर झाडं ऐन बहरात उभी. संध्याकाळी खिंडीपाशी पोहोचावं तर फांद्यांवर नुसत्या घट्ट कळ्या, आणि कडेला यंत्राने लोटलेल्या बर्फाचे मळकट ढीग. सरलेला, चालू आणि यायचा असे तिन्ही वसंत एका दिवसात भेटतात. नारा प्रांतातल्या योशिनोच्या डोंगरावर तर यासाठी गाडीही लागत नाही. तिथली सुमारे ३०,००० झाडं, बहुतेक सगळी डोंगरी चेरीची, पायथ्यापासून माथ्याकडे चार टप्प्यांत फुलत जातात. खालचा टप्पा झडू लागला की माणसं वरच्या टप्प्यावर चढतात.

या योशिनोपासून निघून उत्तरेला हिरोसाकीपर्यंत जायचं, एवढंच आम्ही दोघांनी ठरवलं होतं. गाडी बहुतेक वेळ मी चालवली. तिथेही वाहनं डावीकडून जातात आणि आपल्या आरटीओतून मिळालेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, त्यामुळे हात लवकर बसला. नवरा शेजारी बसून बहराचे अंदाज वाचायचा. कुठे किती टक्के फुललंय, कुठे उद्या पाऊस आहे, कुठे परवापर्यंतच बहर टिकेल. त्याला पूर्ण बहरच गाठायचा होता.

साकुराविषयी लिहिणारा प्रत्येक जण क्षणभंगुरतेपाशी येऊन थांबतो. आठवडाभर फुलायचं आणि वाऱ्यासरशी गळून जायचं, यातच त्या फुलाचं सगळं तत्त्वज्ञान आहे, असं आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की झाडाकडे बघण्याआधीच आपण हळवे झालेलो असतो. मला या रस्त्यावर वेगळंच दिसत गेलं. ही क्षणभंगुरता बऱ्याच अंशी माणसाने घडवलेली आहे. आणि तिच्या कौतुकात एक मोठी गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे या झाडांमागची पिढ्यान् पिढ्यांची राखण.

आज जपानी शहरांत, शाळांच्या आवारात, नदीच्या बांधांवर जी फिकट गुलाबी चेरी दिसते ती बहुतेक एकाच जातीची, सोमेई योशिनो. एदो काळाच्या अखेरीस, आज तोक्योचाच भाग असलेल्या सोमेई या माळ्यांच्या वस्तीतून ती बाजारात आली. तिला स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, आणि दुसऱ्या चेरीशी संकर होऊन बी धरलं तरी येणारं झाड वेगळंच निघतं. म्हणून ती कलमानेच वाढवावी लागते, आपल्या हापूससारखी. त्यामुळे देशभरातली ही लाखो झाडं म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड आहे. एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदम झडतात ती यामुळे. बहराची आघाडी क्युशूकडून होक्काइदोकडे सरकताना नकाशावर रेघ मारून दाखवता येते तीही यामुळेच. हवामान खातं नमुन्याची झाडं ठरवून ठेवतं. तोक्योचं झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. त्याच्यावर पाच-सहा फुलं उमललेली अधिकाऱ्याने मोजली की शहराचा बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं, आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर.

मेइजी काळात ही जात सगळीकडे लावली गेली, कारण ती लवकर वाढते, पालवीच्या आधी फुलते आणि अख्खं झाड फुलांनी भरून जातं. त्याआधी चेरीच्या पुष्कळ जाती शेजारी शेजारी असत, त्या मागेपुढे फुलत आणि फुलं पाहण्याचा हंगाम कितीतरी लांबत असे. म्हणजे ज्या आठवड्यावर आपण जीव टाकतो तो आठवडा अर्धा निसर्गाने दिला आहे आणि अर्धा रोपवाटिकेने.

हे नुसतं वनस्पतिशास्त्र असतं तर एवढा आग्रह धरला नसता. पण गळून पडण्याचं हे सौंदर्य पुढे माणसांवर लादलं गेलं. सैन्याच्या छावण्यांत आणि जुन्या किल्ल्यांत चेरी लावली गेली, आणि फुलासारखं देशासाठी गळून पडावं असं कोवळ्या पोरांना शिकवलं गेलं. १९४५ साली माणसासकट शत्रूच्या जहाजावर आदळणारं जे रॉकेट-विमान नौदलाने वापरलं, त्याला चेरीच्या फुलाचंच नाव दिलं होतं. त्या वर्षीच्या एप्रिलमधलं कागोशिमातल्या चिरान तळावरचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शाळकरी मुली धावपट्टीच्या कडेला उभ्या आहेत आणि परत न येण्यासाठी निघालेल्या वैमानिकाला चेरीच्या फांद्या हलवून निरोप देत आहेत. ते पाहिल्यापासून ‘किती सुंदर गळून पडतात’ हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

गिफू प्रांतात नेओच्या खोऱ्यात उसुझुमी नावाचं चेरीचं झाड आहे. वय पंधराशे वर्षांच्या आसपास सांगतात. त्याच्या खोडाभोवती फिरताना नजर आधी फुलांवर जात नाही, टेकूंवर जाते. प्रत्येक मोठ्या फांदीखाली लाकडी खांब आहेत, फांदी जिथे खांबावर विसावते तिथे गादीसारखं गुंडाळलेलं आहे, आणि मुळांवर पाय पडू नये म्हणून लांबवर कुंपण. दुसऱ्या महायुद्धानंतर हे झाड मरणार असंच सगळे धरून चालले होते. १९४९ मध्ये गिफूतल्या एका वयस्क दंतवैद्याने त्याची कुजलेली मुळं उकरून काढली आणि रानचेरीची दोनशेहून अधिक कोवळी मुळं त्याला जोडली. झाड जगलं. पुढे १९५९ च्या वादळाने ते पुन्हा मोडलं, आणि नंतर कादंबरीकार उनो चियो यांनी गव्हर्नरला पत्र लिहून त्याच्यासाठी साकडं घातलं. दात बघणाऱ्या माणसाने झाडाची मुळं शिवली, हे ऐकून नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अगं, अंदाज बघून आलो आपण, आणि बघतोय टेकू.”

तिथून उत्तरेला शोकावाच्या बाजूला वळलो तेव्हा अंदाज स्पष्ट सांगत होता की तिथे फुलं नसणार. उंचावरचा भाग, बहर एप्रिलच्या अगदी अखेरीस. तरी गेलो, आणि या प्रवासातलं मनात सगळ्यात खोल बसलेलं ठिकाण तेच. मिबोरो धरणाच्या तलावाकाठी, १५६ क्रमांकाच्या महामार्गालगत दोन जुनी झाडं उभी आहेत. फुलं नव्हती, पानं नव्हती. साल काळपट, भेगाळलेली, भेगांत शेवाळ. खोडावर जागोजागी जुन्या कापांच्या गाठी, आणि त्या गाठींच्या कडेने नंतर फुटलेल्या फांद्या. खाली पाणी, आणि पाण्याखाली गाव.

धरणाला लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. जीव गेला तरी जागा सोडणार नाही, अशा निर्धाराची त्यांची संघटनाच होती. शेवटी ती विसर्जित झाली, शेकडो माणसांची घरं आणि शेतं पाण्याखाली जायची ठरली. धरण बांधणाऱ्या वीज कंपनीचे पहिले अध्यक्ष ताकासाकी तात्सुनोसुके यांनी बुडणाऱ्या गावातल्या देवळात त्या दोन झाडांपैकी एक, चारशेहून अधिक वर्षांची चेरी पाहिली आणि ती वाचवायचं ठरवलं. चेरीचे जाणकार सासाबे शिंतारो यांना गळ घातली. दुसऱ्या एका देवळातलंही झाड निवडलं. १९६० च्या हिवाळ्यात फांद्या आणि मुळं छाटून, तीस टनांहून जड अशी ती झाडं डोंगरउतारावरून ओढत नव्या काठावर आणली. एवढ्या म्हाताऱ्या चेरीला इतकं कापून हलवणं म्हणजे तिला मारणंच, असं पुष्कळांचं मत होतं. पुढच्या वसंतात तिला पालवी फुटली. गाव सोडून गेलेली माणसं नंतर त्या झाडांपाशी जमू लागली.

इथे मला सावध राहावंसं वाटतं. दोन झाडं वाचवली म्हणून गाव बुडवल्याचा हिशोब मिटत नाही. कोयनेच्या शिवसागराखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न ऐकत वाढलेल्या माणसाला तर ते सांगायलाच नको. पण ज्याने गाव बुडवलं त्यालाही निदान एवढं कळलं होतं, की माणसं नुकसानभरपाई घेऊन जातात तेव्हा भेटायला काहीतरी मागे उरावं लागतं.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. याच रस्त्यावरून नागोया ते कानाझावा अशी सरकारी रेल्वेची बस धावत असे. तिचे एक कंडक्टर, सातो र्‍योजी, यांनी या झाडांचं पुनरुज्जीवन पाहिलं आणि आपल्या बसच्या अख्ख्या मार्गावर, थोड्याथोडक्या नव्हे तर अडीचशेहून अधिक किलोमीटरवर, चेरी लावायला सुरुवात केली. कामावरून सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने. १९७७ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी ते आजारपणात गेले तोवर सुमारे २,००० झाडं लावून झाली होती. त्यांतली बरीच पुढे टिकली नाहीत. आम्ही तो रस्ता सावकाश पार केला. थांब्याजवळ एखादी चेरी दिसली की ती त्यांची असेल का, एवढंच बोलणं होत होतं. त्यांनी लावलेल्या कोवळ्या रोपांना भरघोस बहर यायला कैक वर्षं लागणार होती, आणि त्यांच्यापाशी ती नव्हती. हे कळत असूनही रोज खड्डे खणत राहणं, याला मी साकुराचं तत्त्वज्ञान म्हणेन.

पुढे फुकुशिमाच्या किनाऱ्याकडे, तोमिओका गावातल्या योनोमोरीत, नवऱ्याने माझा मुद्दा बरोब्बर अडवला. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चेरी वर एकमेकींत मिसळून दोन किलोमीटरहून लांब बोगदा झाला आहे. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर गाव रिकामं झालं आणि या रस्त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं लोखंडी अडसरांमागे राहिला. वस्तीवरची बंदी उठली ती २०२३ च्या एप्रिलमध्ये. आम्ही गेलो तेव्हा पाकळ्या गळत होत्या. एका बाजूला नवी घरं, दुसऱ्या बाजूला घरं पाडून मोकळे झालेले तणाचे तुकडे. “इथे इतकी वर्षं कोणी नव्हतं,” तो म्हणाला, “तरी दर वसंतात ही झाडं फुललीच ना? मग तुझी राखण कुठे गेली?”

प्रश्न खरा होता. झाड आपल्यासाठी फुलत नाही, हे कबूल करायलाच हवं. पण सोमेई योशिनोला रोग लवकर लागतात. एका बुरशीने फांद्यांवर झाडूसारखे झुपके येतात, ते वेळच्या वेळी कापले नाहीत तर फुलं कमी होत जातात. म्हणून या जातीचं आयुष्य साधारण ६० ते ८० वर्षं धरतात. रिकाम्या गावात फुललेली झाडं आधीच्या माणसांनी केलेल्या राखणीवर फुलत होती. ती शिल्लक कधीतरी संपलीच असती.

याचा पुरावा हिरोसाकीत मिळाला. हिरोसाकी ज्यात येतं तो आओमोरी प्रांत म्हणजे सफरचंदांचा मुलूख. चेरी छाटेल तो मूर्ख, अशी जपानात जुनी म्हण आहे. इथल्या किल्ल्याच्या उद्यानातल्या लोकांनी ती बाजूला ठेवली आणि सफरचंदाच्या बागेतली छाटणी चेरीवर वापरली. थकलेली फांदी काढायची, कापावर लेप लावायचा, नव्या फुटव्याला जागा करायची. किल्ल्याच्या आवारातल्या सुमारे २,६०० झाडांत आज शंभरी ओलांडलेल्या सोमेई योशिनो शेकड्यांनी आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर एकेका कळीतून चार-पाच फुलं निघालेली दिसतात, इतरत्र तीन-चार असतात. जुन्या खोडाच्या थेट सालीतून फुटलेला, करंगळीएवढा एक तुरा मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

ही राखण आता अवघड होत चालली आहे. क्योतोतल्या दरबारी माणसांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांतून आओनो यासुयुकी या संशोधकाने नवव्या शतकापासूनच्या पूर्ण बहराच्या तारखा गोळा केल्या. बाराशे वर्षांच्या त्या नोंदींत २०२१ चा, २६ मार्चचा बहर तोवरचा सगळ्यात लवकरचा ठरला. तापणारी हवा आणि तापणारं शहर ही त्याची कारणं. दक्षिणेत उलट अडचण आहे. कळी जागी व्हायला आधी पुरेशी थंडी लागते, ती मिळाली नाही तर बहर रेंगाळतो, विस्कटतो. शिवाय परदेशातून आलेला, लाल मानेचा एक भुंगेरा चेरीची खोडं पोखरतो आहे. आणि युद्धानंतर एकदमच लावलेली सोमेई योशिनोची झाडं आता एकदमच म्हातारी झाली आहेत. त्यांच्या जागी काय लावायचं हा प्रश्न पुष्कळ गावांपुढे आहे. काही ठिकाणी रोगाला कमी बळी पडणारी, थोडी गडद रंगाची जिंदाई-आकेबोनो लावतात.

माझं मत मिश्र लागवडीच्या बाजूने आहे. डोंगरी चेरी, लोंबत्या फांद्यांची चेरी, लवकर येणारी, उशिरा येणारी, सगळ्या हव्यात. एका रोगाने सगळी जाणार नाहीत, आणि हंगाम पुन्हा पूर्वीसारखा लांब होईल. नवऱ्याला हे पटलेलं नाही. सगळं गाव एका सकाळी एकदम उजळतं त्याची सर दुसऱ्या कशाला नाही, असं तो म्हणतो, आणि योनोमोरीच्या लोकांना तोच बोगदा तसाच परत हवा असेल तर त्यांना वेगळं काही सांगणारे आपण कोण, असंही. योनोमोरीपुरतं मी त्याचं मान्य केलं आहे. बारा वर्षं ज्यांना आपल्या गावात राहायची परवानगी नव्हती, तिथे काय लावायचं ते त्यांनीच ठरवावं. बाकी ठिकाणांवरून आमचा वाद अजून चालूच आहे.