घर खचत नाही, रस्ता चढतो

चिखली घाटावरची. घाटाखालच्यांनी पुराला भ्यायचं आणि घाटावरच्यांनी दुष्काळाला, अशी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुनी वाटणी. जून २०२५ मध्ये घाटावरच्याच मेहकर-लोणारकडे एका रात्रीत इतका पाऊस कोसळला, की पैनगंगेच्या पुराने पिकाबरोबर शेतातली मातीही नेली. वाटणी तिथेच मोडली.

शेताचं नुकसान निदान दिसतं, त्याचा पंचनामा होतो. गावातल्या खोलगट वस्तीत पाणी चोरपावलांनी येतं. दारातून नंतर, आधी मोरीतून. नाली तुंबली की पाणी उलटं फिरतं आणि अपरात्री घरातली बाई पिठाचा डबा नि पोरांची दप्तरं पलंगावर चढवत बसते.

सरकारी हिशेबात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर मग दिवसात सहा हजार लिटर पडतं, एकरभर जागेवर अडीच लाखांच्या वर. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहतात, त्याच गल्लीत! काळी माती भिजून फुगली की पाणी पीत नाही, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो धुऱ्याच्या कडेने चर राखतो. त्याच शेताचे प्लॉट पडले की चर बुजतो, नाल्याची दोन फुटांची नाली होते, नालीवर फरशी येते आणि फरशीवर दुकान.

रस्त्याचं मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. घर बांधलं तेव्हा ओटा रस्त्याहून दोन पायऱ्या उंच होता. मग खडी आली, डांबर आलं, पुन्हा डांबर, आणि शेवटी जुना थर न खरवडताच वर सिमेंट. दर वेळी नारळ फुटला, आपणही टाळ्या वाजवल्या. आता घरात पाऊल टाकायचं तर खाली उतरावं लागतं, आणि कागदोपत्री त्या वस्तीचं नाव पडतं ‘सखल भाग’. काही जागा मुळातच खोल असतात, खरं. बाकीच्या आपण थरावर थर चढवून खोल केल्या.

हे लहान गावाचंच दुखणं नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने माणसं नेली. तिथे पैसा, इंजिनिअर, नकाशे, कशाची वाण होती? ओढ्याला जागा तेवढी उरली नव्हती.

तुमच्या गल्लीतला रस्ता मंजूर झाला असेल, तर नारळ फुटण्याआधी नगर परिषदेत जा. जुना थर खरवडणार का, आणि नालीचं पाणी कुठल्या नाल्याला नेऊन सोडणार, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.